बदल करण्यास हरकत नाही

हरिओमचं बोट लॅपटॉपच्या कळीवर टेकणार तोच राजेश्रीनं झाकण खाली ओढलं. बोट मध्ये सापडलं.

“आई गं! ताई, मी नुसतं दाखवायलो होतो. दाबणार नव्हतो.”

“दाखव की. पण हात मागं घेऊन दाखव.”

हरिओमनं बोट झटकलं आणि झाकण पुन्हा वर केलं. या वेळी खरोखरच त्यानं दोन्ही हात पाठीमागं बांधले, शाळेतल्या पोरासारखे. दिनकरराव गुरुजींना हसू आलं होतं, पण राजेश्रीच्या तोंडाकडं पाहून त्यांनी ते मिशीत जिरवलं.

चारठाण्याच्या वाचनालयाची ती मागची खोली होती. उद्या नागपंचमी, म्हणून बाहेर लिंबाला झोका बांधायचं काम चाललं होतं आणि दोर नीट ताणला की नाही यावरून बायकांचा गलका उठत होता. आतल्या चौघांना मात्र तो ऐकू येत नसावा. दोन पावसाळे खपून त्यांनी एक पुस्तिका तयार केली होती, ‘साप चावला तर’. उपकेंद्रावर आरोग्यसेविका असलेल्या राजेश्रीनं त्यातली उपचाराची पानं लिहिली. गुरुजींनी वाक्यं सोपी केली. जिंतूरच्या सुरजनं साप धरता धरता त्यांचे फोटो काढले. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी दैवशालानं तीच पुस्तिका आपल्या आवाजात वाचून दिली. ती मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातली, पण सातवीपर्यंत शिकलेली. आणि पिंगळीचा हरिओम, जो घरात बसून पुण्याच्या कंपनीचं काम करायचा, त्यानं हे सगळं एकत्र बांधलं. पंचमीच्या दिवशी पुस्तिका इंटरनेटवर सर्वांसाठी खुली करायची, असं उन्हाळ्यातच ठरलेलं.

फक्त परवाना निवडायचा राहिला होता. गेला तासभर तेच चाललं होतं.

“पुन्हा एकदा सांगतो,” हरिओम म्हणाला. “दोन्ही परवान्यांत पुस्तिका फुकट वाचता येईल, वाटता येईल, छापता येईल. झेरॉक्सवाल्यानं पैसे घेतले तरी चालतील, ते आपण मागंच मान्य केलं. पहिल्या परवान्यात लोकांना तिच्यात बदल करता येईल. भाषांतर, गाणं, नाटक, काहीपण. अट अशी, की आपली नावं द्यायची, काय बदललं ते सांगायचं आणि बदललेलंही असंच सगळ्यांना खुलं ठेवायचं. दुसऱ्यात काना-मात्रासुद्धा बदलायची नाही.”

“दुसरा घे,” राजेश्री म्हणाली.

“ताई, आदिलाबादकडच्या त्या सरांचं पत्र मी वाचून दाखवलं ना? त्यांना तेलुगूत करायचीय. भाषांतर म्हणजे बदलच. दुसरा परवाना घेतला तर त्यांना वाटता येणार नाही.”

“त्यांनी मला विचारावं. मी वाचून होय म्हणेन.”

“तेलुगू?”

मांडीवरच्या पिशवीचा बंद राजेश्रीनं बोटाला गुंडाळला आणि इतका ताणला की बोटाचं टोक पांढरं पडलं.

“आणि एक,” हरिओम जरा खालच्या आवाजात म्हणाला. “परवाना एकदा दिला की दिलाच. परत घेता येत नाही. म्हणून पाची जणांचा होकार पाहिजे. सुरजनं फोनवर सांगितलंय, तुमचं ठरेल ते. गुरुजी?”

गुरुजींनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. “माझ्या वाक्याला कुणी हात लावला तर मला ठेच लागल्यासारखं होतं. खोटं कशाला बोलू? पण ती वाक्यं मी कुठं माझ्यासाठी केली? बदलू दे. पहिला.”

“दैवशालाकाकू?”

दैवशाला भिंतीला टेकून बसली होती. पदराचा काठ तिनं दातात धरला होता. “सिस्टरचं होऊ द्या आधी,” ती म्हणाली.

“माझं झालंय,” राजेश्री म्हणाली. “कुणाला बदलू द्यायचं नाही. का, ते तुम्हाला ठाऊक आहे.”

त्यांना ठाऊक होतं. तरी त्या गोष्टीचं नाव आजवर या खोलीत कुणी काढलं नव्हतं.

पुस्तिका मनात येण्याआधी राजेश्रीनं एक पान लिहिलं होतं. साप चावल्यावर काय करावं, काय करू नये, आणि खाली तिचं नाव, हुद्दा, उपकेंद्र. ते तिनं गावच्या ग्रुपवर टाकलं. तिथून ते फिरत फिरत कुठं गेलं कुणास ठाऊक. वाटेत कुणीतरी त्यातलं, थेट सरकारी दवाखाना गाठा, हे शेवटचं वाक्य उडवलं आणि तिथं दुसरं बसवलं: विष उतरवणारी जडी अमुक ठिकाणी खात्रीनं मिळेल, आणि एक मोबाईल नंबर. तिचं नाव मात्र होतं तिथंच ठेवलं. पिंगळीच्या बाजूला सटवाजी नावाच्या माणसाला सोयाबीनमध्ये घोणस चावली. भावानं त्याला मोटारसायकलवर मध्ये बसवलं आणि गाडी सरकारी दवाखान्यावरून पुढं नेली, त्या नंबरच्या गावाला. संध्याकाळी गाडी परत आली ती त्याचं प्रेत घेऊन.

तेरावं झाल्यावर त्याची बायको तानुबाई उपकेंद्रावर आली. भांडायला आली नव्हती. तिनं पायरीवर बसून पाणी मागितलं, फोन पुढं केला आणि विचारलं, “हे तुमीच लिवलंय न्हवं?”

“वरचं मी लिहिलंय, मावशी. खालचं माझं नाही.”

तानुबाईनं बराच वेळ त्या काचेकडं पाहिलं होतं. “आमाला काय कळतंय,” ती म्हणाली होती, “वरचं कोन्तं अन् खालचं कोन्तं. नाव तर तुमचंच हाय.”

त्या दिवसापासून राजेश्री कुठल्याही कागदावर सही करण्याआधी तो दोनदा वाचत असे, अगदी लसीच्या पेटीची पावतीसुद्धा. पुस्तिकेतली पानंही तिनं हरिओमला घायकुतीला येईस्तोवर तपासायला लावली होती.

“ताई,” हरिओम म्हणाला. आपण काय बोलणार आहोत ते त्याला माहीत होतं, म्हणून त्यानं खिडकीकडं पाहिलं. “ज्यानं तुमचं पान बदललं, त्यानं तुम्हाला विचारलं होतं का?”

“हरिओम,” गुरुजी म्हणाले.

“नाही गुरुजी, बोलू द्या. तो चोर होता. चोर परवाना वाचत नसतो. बंदी घातली तर ती आदिलाबादच्या सरांनाच लागणार. जे विचारतात त्यांनाच लागणार. त्या चोराला काय फरक पडणार होता?”

राजेश्री उठली. तिनं पिशवी खांद्याला लावली.

“मग माझी पानं काढून टाक.”

“ताई...”

“काढ म्हटलं ना. बाकीचं खुलं करा. बदला, गाणी करा, काय करायचं ते करा. मला पुन्हा कुणाच्या घरच्यांना पायरीवर पाणी द्यायचं नाही.”

तिची पानं काढली तर मागं सापांचे फोटोच उरत होते. हे तिलाही कळत होतं, बाकीच्यांनाही. हरिओमचा चेहरा उतरला होता. बोलून बसला होता आणि आता शब्द परत घेता येत नव्हते.

“सिस्टर, बसा,” दैवशाला म्हणाली. “मला एक सांगायचं हाय. अन् ऐकून तुमी लय रागवताव. पर बसा.”

राजेश्री बसली नाही. दारापाशीच थांबली.

दैवशालानं कमरेची चंची उघडून फोन काढला. “आमची समदी मानसं सोनपेठकडं हायेत, गोदाकाठाला. रातच्याला मेंढरं रानात बसवत्यात अन् आपन बी तितंच भुईवर पडत्यात. तुमच्या पुस्तकातलं मी वाचून पाठिवलं, तर आमचे मालक म्हनले, गुरुजी बोलायल्यावानी वाटायलंय, कुनी ऐकंना. म्हनून मी दुसरं केलं. माज्या बोलीत. पंद्रा दिस झाले, मेंढरांच्या समद्या वाड्यांवर फिरायलंय.”

“कुणाला विचारून?” राजेश्री म्हणाली.

“कुनालाच न्हाई.”

“लाव.”

दैवशालानं फोन फरशीवर ठेवला. राजेश्री दारातून आत आली आणि फोनसमोर उकिडवी बसली, ताप बघायला रोग्याजवळ बसावं तशी.

*ऐका गं बायांनो, ऐका रं गड्यांनो,* फोनमधली दैवशाला म्हणाली. मागं मेंढरं ओरडत होती. *मी दैवशाला बोलायले, बिरूची कारभारीन. जनावर चावलं तर काय करायचं ते सांगते. चारठान्याला पुस्तक झालंय त्यातलं हाय, पर बोली माजी हाय. चुकलं तर मला इचारा.*

राजेश्रीनं डोळे मिटले. एकेक वाक्य येत होतं आणि ती त्यात काटा शोधत होती. दोरी आवळू नका: बरोबर. कापू नका, चोखू नका: बरोबर. *पाय मोडल्या कोकराचा धरत्यात तसा धरा, काठी लावून धडप्यानं गुंडाळा, हलू देऊ नका:* हे पुस्तिकेत नव्हतं, पण बरोबर होतं. *मानसाला चालवू नका. पळवू तर मुळीच नका.* बरोबर. *गाडीत घाला, मग बिरोबाचा भंडारा कपाळाला लावा...*

“थांबव.”

दैवशालानं फोन थांबवला.

“भंडारा कशाला घातलास? माझ्या पानात आहे का भंडारा?”

“न्हाई.”

“त्यांनी जडी घातली, तू भंडारा. काय फरक राहिला?”

“आमची म्हातारी भंडारा लावल्याबिगर मानसाला उचलू देत न्हाई, सिस्टर. देवाला न्यायचं म्हनती. मग देवाम्होरं बसून ऱ्हात्यात.” दैवशाला शांतपणे बोलत होती, पण तिची बोटं चंचीची नाडी पिळत होती. “म्हनून मी म्हनलंय, आधी गाडीत घाला, गाडी चालू करा, अन् मग लावा. नीट ऐका तुमी. मग लावा म्हनलंय.”

राजेश्रीनं गुरुजींकडं पाहिलं. गुरुजी जमिनीकडं पाहत होते.

“पुढं लाव,” ती म्हणाली.

पुढचं तिनं डोळे उघडे ठेवून ऐकलं. तालुक्याच्या दवाखान्यात इंजेक्शन असतं. जनावर मारून संगं नेत बसू नका. इतकं झालं आणि आवाज संपला. मेंढरांचा कलकलाट थोडा वेळ चालला आणि तोही तुटला.

“मण्यार कुठं आहे?”

“ऑं?”

“मण्यार. दैवशाला, मण्यार कुठं आहे?” राजेश्रीनं तिचा हात धरला. “ती झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही. कधी कधी खूणही दिसत नाही. माणूस पहाटे उठतो तो मरणाच्या दारात. भुईवर झोपणाऱ्यांना तिचंच भय जास्ती आणि तू तीच गाळलीस!”

दैवशालाच्या तोंडावरचा रंग उडाला. “ते लय लांबलं होतं,” ती हळू म्हणाली. “अन् ते बोलाया कठीन होतं. ग्लानी का काय ते. म्हनलं, ऱ्हाऊ दे.”

“बघितलंस, हरिओम?” राजेश्री वळली. ती जिंकली होती, पण तिच्या आवाजात त्याचं सुख नव्हतं. “हे होतं बदलू दिल्यावर. चोरानंच करावं असं नसतं. चांगल्या माणसाकडून होतं.”

बाहेर झोक्याला पहिली ओढ दिली असावी. फांदी करकरली आणि बायका ओरडल्या.

“मग सांगा की,” दैवशाला म्हणाली.

“काय?”

“ऱ्हायलेलं सांगा. घालते. फोन तर हातात हाय. चुकलं म्हनून तर तुमाला ऐकिवलं.” तिनं हात सोडवून घेतला नाही. “तुमी लिवलेलं तरी कुटं एका बारीला झालं? तीन डाव पानं बदललीत, म्या तीन डाव वाचली.”

राजेश्रीनं मग वेगळंच विचारलं.

“यात माझं नाव का घेतलं नाहीस? गुरुजींचं नाही, कुणाचंच नाही.”

“तुमी घ्यू देताव का न्हाई, ठावं नव्हतं.” दैवशालानं खांदे उडवले. “म्हनून माजंच घातलं. इस्कोट झाला तर मला हुडकत येतील. तुमच्या पायरीवर न्हाई येनार.”

राजेश्रीनं खांद्यावरची पिशवी काढून फरशीवर ठेवली. तिनं तोंड भिंतीकडं वळवलं आणि पदरानं ते पुसलं, घाम पुसावा तसं. परत वळली तेव्हा तिचा आवाज उपकेंद्रातल्यासारखा झाला होता, कोरडा, कामाचा.

“लिहून घे. पापण्या जड होतात. गिळायला त्रास होतो. जीभ अडखळते. पोटात दुखतं.”

“असं न्हाई कळत त्यास्नी.”

“मग कसं कळतं?”

“तुमी करून दावा.”

राजेश्रीनं करून दाखवलं. पापण्या निम्म्या मिटल्या, जीभ जड केली, मान सैल सोडली आणि दोन शब्द बोलली. दैवशाला पुढं वाकून बारकाईनं बघत होती.

“हे तर दारू पिल्यावानी झालं की.”

“तसंच दिसतं.”

“आवं, मग मानसं त्याला निजू देतील! पिऊन पडलाय म्हनतील, उतरंल सकाळच्याला.”

राजेश्री थबकली. हे तिच्या पानात कुठंच नव्हतं. एवढ्या वेळा तपासूनही नव्हतं. “हो,” ती म्हणाली. “हेच घाल. निजू देऊ नका म्हण. आणि श्वास अडायच्या आत दवाखाना गाठा म्हण. उशीर झाला तरी गाठा, सोडू नका म्हण.”

हरिओमनं पंखा बंद केला. गुरुजींनी उठून खिडकी लावून घेतली. दैवशालानं दोनदा चुकून पुन्हा सुरू केलं. तिसऱ्यांदा तिचा आवाज सापडला, मेंढरांमागचा, लांबवर जाणारा. सुरुवातीचं वाक्य म्हणून ती थांबली आणि तिनं फोनवर तळवा ठेवला.

“आता घ्यू का नाव?”

राजेश्रीनं पडद्याकडं पाहिलं. दोन परवान्यांचे दोन चौकोन तसेच उघडे होते.

“घे,” ती म्हणाली. “कुठून घेतलं ते सांग. आणि बदल तुझा आहे, तेही सांग.”

ते झाल्यावर दैवशालानंही पहिल्याला होकार दिला, तशी राजेश्रीनं खुर्ची ओढली आणि लॅपटॉपसमोर बसली. हरिओम मागं येऊन उभा राहिला, पण त्यानं हात पुढं केला नाही.

“पहिला ना?” तिनं विचारलं.

“पहिला. ताई, परत घेता...”

“सांगितलंस मघाशी.”

तिनं पडद्यावरची अटींची दोन पानं सावकाश, शेवटपर्यंत वाचली. मग कळ दाबली.

*

नवरात्रात, उपकेंद्रावर लसीचा दिवस असताना, हरिओमनं एक फाईल पाठवली. आदिलाबादच्या सरांचं काम झालं होतं. बाहेर व्हरांड्यात लेकुरवाळ्या बायका बसल्या होत्या. राजेश्रीनं आत येऊन टेबलाशी फोन उघडला.

गोल गोल, एकात एक अडकलेली अक्षरं. तिनं पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं. सुरजनं काढलेल्या नागाचा फोटो होता, म्हणजे ते नागाचं पान. त्यापुढं घोणस. त्यापुढं मण्यार, काळी, अंगावर पांढरे पट्टे. त्या फोटोखाली पुस्तिकेत आठ ओळी होत्या. इथं पान भरून खाली उतरला होता मजकूर आणि पुढच्या पानावरही गेला होता. त्या सरांनी, नाहीतर त्यांच्याकडच्या कुणीतरी, काहीतरी वाढवलं होतं. काय वाढवलं होतं ते कळायला मार्ग नव्हता.

तिनं हरिओमचा नंबर काढला. कुणाकडून तरी वाचून घेता आलं असतं. पलीकडच्या रस्त्याच्या कामावर तेलुगू बोलणारे मिस्त्री होते, त्यांनाही विचारता आलं असतं. अंगठा नंबरवर थोडा वेळ राहिला आणि बाजूला झाला.

शेवटच्या पानावर ओळीखाली ओळ, लहान अक्षरांत, नावं असावीत असं काहीतरी होतं. त्यात तिचंही असणार. तिनं फोन डोळ्यांजवळ नेला आणि एकेक ओळ सावकाश पाहिली, पण आपलं नाव कोणतं ते तिला ओळखू येईना.

व्हरांड्यात एक लेकरू रडायला लागलं. राजेश्रीनं फोन टेबलावर ठेवला, हात धुतले आणि पुढच्या बाईला आत बोलावलं.